जुनी गाडी घेऊन जव्हार-खोडाळ्याच्या रस्त्याला: ठाणेकरांसाठी पूर्वतयारी आणि घाटातली काळजी

प्रीमियर पद्मिनी, फियाट ११००, ॲम्बॅसेडर किंवा स्टँडर्ड हेराल्ड यांपैकी एखादी गाडी चालू स्थितीत राखणारी माणसे ठाण्यात आणि नवी मुंबईत अजून आहेत. मात्र त्यांतल्या बहुतेक गाड्या रविवारी सकाळी तलावपाळीला किंवा पाम बीच रोडवर एक फेरी मारून पुन्हा कापडाच्या आच्छादनाखाली जातात, कारण आडवाटेला गाडी बंद पडली तर काय करायचे, हा प्रश्न मालकाला शहराबाहेर पडू देत नाही. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर देता येते. लांबच्या रस्त्यावर जुन्या गाडीला जे अडते, त्यातला मोठा भाग कोणत्या ना कोणत्या रूपाने उष्णतेतून येतो. रेडिएटर तापणे, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपात पेट्रोलची वाफ होणे, ठिणगीच्या यंत्रणेतला तापलेला कंडेन्सर दगा देणे, उतारावर ब्रेक ढिले पडणे, शिळ्या टायरची शिवण उकलणे ही सगळी एकाच कुळातली दुखणी आहेत. म्हणून रस्ता, ऋतू, निघण्याची वेळ, सामान आणि दुरुस्ती यांतला प्रत्येक निर्णय गाडी थंड कशी राहील या एका कसोटीवर घ्यावा. बाकीच्या बऱ्याच गोष्टी मग आपोआप मार्गी लागतात.

ठाण्याहून पहिल्या प्रवासासाठी मी जव्हारची वाट सुचवतो: बाळकुम, काल्हेर, अंजूरफाट्यावरून भिवंडी, पुढे अंबाडी, कुडूस, वाडा, विक्रमगड आणि जव्हार, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी मोखाडा, खोडाळा, विहीगाव या मार्गाने कसाऱ्याजवळ नाशिक महामार्गाला लागून शहापूर, पडघामार्गे परत. सगळे मिळून अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास भरते आणि ते दोन दिवसांत विभागले, तर इंजिनावर कुठेही ओढाताण होत नाही. नवी मुंबईकरांनी ठाणे-बेलापूर रस्त्याने किंवा मुंब्रा बायपासने येऊन भिवंडी गाठावी. माळशेज घाट प्रसिद्ध आहे आणि देखणाही आहे, पण तिथे मालट्रक आणि सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्या एकाच अरुंद वळणावर येतात. जुन्या गाडीला चढणीवर मध्येच थांबावे लागणे, ही तिची सगळ्यात मोठी शिक्षा असते. जव्हारच्या बाजूला चढण टप्प्याटप्प्याने येते, वाहने तुरळक असतात आणि गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडण्याइतकी जागा बहुतेक ठिकाणी मिळते.

दिशाही मुद्दाम हीच ठेवली आहे. विक्रमगडकडून चढताना इंजिन सकाळच्या गारव्यात काम करते, आणि दुसऱ्या दिवशी खोडाळ्याकडून उतरताना ब्रेकना रात्रभराची विश्रांती मिळालेली असते. उलट फेरी केली, तर ठाणे ते कसारा हा महामार्गाचा रटाळ पट्टा आधीच गाडी तापवून ठेवतो आणि खरी चढण ऐन दुपारी वाट्याला येते. भिवंडी-वाडा रस्ता पावसाळ्यानंतर अनेकदा खड्ड्यांनी भरलेला असतो. त्याची अवस्था निघण्याच्या आठवड्यात तिकडून नियमित येणाऱ्या कोणाकडून तरी समजून घ्यावी आणि तो फारच खराब असेल, तर घोडबंदरमार्गे अहमदाबाद महामार्गाने मनोरपर्यंत जाऊन तिथून विक्रमगडकडे वळावे. मागच्या चाकांचे पाटे (लवचीक पोलादी पट्ट्या) खड्डे सोसतात. पुढची चाके ज्यांवर वळतात ते किंगपिन आणि त्यांचे बुश मात्र एका दिवसात खिळखिळे होऊ शकतात.

निघण्याची वेळ पहाटे पाचच्या पुढे जाऊ देऊ नये. काल्हेर आणि अंजूरफाटा परिसरातल्या गोदामांकडे जाणारे कंटेनर उजाडल्यावर रस्ता भरून टाकतात, आणि पहिल्या गिअरमध्ये फूट-फूट सरकणाऱ्या रांगेत रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही. ऋतूच्या बाबतीत मोह आवरणे अवघड असते, कारण जव्हार-मोखाड्याचा प्रदेश खरा खुलतो तो श्रावण-भाद्रपदात. तरीही ओले झालेले ड्रम ब्रेक, धुके आणि प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत शिरणारा ओलावा यांचा विचार करता पहिली सहल दिवाळीनंतर, कार्तिक-मार्गशीर्षात काढावी. उतारांवरची नाचणी-वरई तेव्हा काढून झालेली असते, गवत पिवळे पडलेले असते आणि हवा इतकी स्वच्छ असते की वैतरणेचे खोरे दूरवर नजरेत मावते. फाल्गुनात पळस आणि पाठोपाठ मोह फुलतो, गावोगावी बोहाडे (मुखवट्यांची पारंपरिक सोंगे) होतात. तोही काळ उत्तम, फक्त सकाळी अकरापूर्वी चढण संपवण्याचा नियम तेव्हा काटेकोरपणे पाळावा लागतो.

महिनाभर आधीची कामे

दुरुस्ती निघण्याच्या आदल्या दिवशी कधीही करू नये. बदललेला प्रत्येक भाग निदान दोन-तीनशे किलोमीटर चालून स्थिरावलेला असला पाहिजे, कारण नवा भाग सदोष निघण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.

सुरुवात रेडिएटरपासून करावी. तो उलट्या दिशेने पाणी सोडून धुवावा आणि बाहेर येणारे पाणी नितळ होईपर्यंत काम थांबवू नये. होजपाइप अंगठ्याने दाबून पाहावेत. बोटाला दगडासारखे कडक किंवा टोकाशी फुगून मऊ लागणारे पाइप सरळ बदलावेत. रेडिएटरच्या झाकणातली रबरी चकती दुर्लक्षित राहते, पण पाणी दाबाखाली ठेवून ते उशिरा उकळू देण्याचे काम तीच करते. फॅन बेल्ट मधोमध दाबला असता साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आत जावा. वॉटर पंपाच्या खालच्या छिद्राशी ओल किंवा गंजाचा ओघळ दिसला, तर पंपाचे सील संपत आले आहे असे समजावे आणि तो महिनाभर टिकेल अशी आशा धरू नये.

त्यानंतर पेट्रोल. आज पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि आपल्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते आणि भेगाळते, त्यामुळे मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा, जोडनळ्या आणि कार्ब्युरेटरमधली पॅकिंगे इथेनॉल सहन करणाऱ्या रबराची बसवून घ्यावीत. ते टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळही सोडवते, म्हणून पंपाच्या आधी एक पारदर्शक फिल्टर लावावा आणि दोन फिल्टर जवळ ठेवावेत. तिसरी गोष्ट उष्णतेशी थेट निगडित आहे: इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणते, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून मिश्रण पातळ होते आणि इंजिन चढणीवर नेहमीपेक्षा जास्त तापते. प्लगची टोके पांढुरकी दिसू लागली, तर कारागिराकडून कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा मेन जेट एक माप मोठा करून घ्यावा. टोकांचा रंग विटकरी-तपकिरी येईपर्यंत हे काम अपुरे आहे असे समजावे. हवेतला ओलावा शोषल्यावर हे पेट्रोल पाणी सोडू लागते, म्हणून महिनोन्‌महिने टाकीत पडून राहिलेले पेट्रोल काढून टाकावे आणि ताजे भरूनच निघावे.

इग्निशनमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेत, सी. बी. पॉइंट (वीज जोडणारी-तोडणारी टोके), कंडेन्सर, रोटर, टोपी आणि कॉइल एवढेच घटक असतात आणि गाडी अचानक बंद पडण्याच्या घटनांत बहुधा यांपैकीच एक दोषी निघतो. कंडेन्सर फार फसवा असतो. थंड असताना तो व्यवस्थित चालतो, इंजिन तापले की गाडी चढणीवर खोकत थांबते, आणि अर्ध्या तासाने गार झाल्यावर जणू काही झालेच नव्हते अशी पुन्हा सुरू होते. ही खूण ओळखता आली, तर विनाकारण कार्ब्युरेटर उघडून बसण्याचा दुपारभराचा त्रास वाचतो. जादा कंडेन्सर नवा कोरा न ठेवता, स्वतःच्या गाडीवर काही दिवस चालवून पारखलेला ठेवावा. पॉइंटमधले अंतर फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्टीने), गाडीच्या पुस्तिकेत दिले असेल त्याप्रमाणे, साधारण ०.४ ते ०.५ मि.मी. लावतात. ठाण्यातल्या एका वयोवृद्ध टॅक्सी-मिस्त्रींना मी हे अंतर व्हिजिटिंग कार्डाच्या तुकड्याने लावताना पाहिले आहे. ते कार्ड पॉइंटमध्ये सरकवत, स्क्रू आवळत, कार्ड ओढताना बोटाला लागणारा हलका अडसर जोखत आणि मगच रोटर बसवत. मग मी गेज घालून पाहिला, तर अंतर पुस्तिकेतल्या मर्यादेतच होते. गेज हरवला तर कामी येईल म्हणून ही पद्धत शिकून घ्यावी, आणि तसे एक कार्ड टोपीजवळच्या पिशवीत ठेवावे.

ब्रेकविषयी मी कोणतीही तडजोड मान्य करत नाही. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत आणि जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडरचा मार्ग एकच असतो, म्हणजे एका चाकापाशी गळती झाली तरी पेडल पूर्णपणे निकामी होते. सर्व व्हील सिलिंडरचे रबरी कप बदलावेत, ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुने असेल तर पूर्ण काढून नवे भरावे, कारण ते पाणी शोषते आणि तापलेल्या ड्रमजवळ ते पाणी उकळून पेडल स्पंजासारखे होते. ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या लायनरची जाडी पाहावी, चारही चाके उचलून समायोजन सारखे आहे याची खात्री करावी. हातब्रेक चढणीवर गाडी रोखून धरतो की नाही, हे उपवनहून येऊरकडे जाणाऱ्या चढावर सकाळी तपासता येते.

टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो; पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. सहा वर्षांहून जुना टायर, नक्षी कितीही शाबूत असली तरी, या प्रवासासाठी बाद धरावा. स्टेपनीलाही हाच नियम लागू आहे. ज्या गाड्यांना अजून डायनॅमो आहे त्यांत इंजिन संथ फिरत असताना बॅटरी भरत नाही, त्यामुळे दिवे, वायपर आणि पंखा एकाच वेळी चालवत रात्री घाट उतरण्याचा बेत आखूच नये.

तयारी पूर्ण झाल्यावर एक चाचणी फेरी अनिवार्य आहे. ठाण्याहून मुरबाडपर्यंत जाऊन यावे, गाडीत तेवढीच माणसे आणि तेवढेच सामान असावे जेवढे खऱ्या प्रवासात असणार आहे. परत आल्यावर रात्रभर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी त्यावर पडलेले डाग इंजिन ऑइलचे आहेत, गिअर ऑइलचे आहेत, पाण्याचे आहेत की ब्रेक ऑइलचे, हे पाहावे. पहिल्या दोन्हींचे एक-दोन थेंब जुन्या गाडीला क्षम्य आहेत. पाणी किंवा ब्रेक ऑइल दिसले, तर दोष सापडेपर्यंत प्रवास पुढे ढकलावा.

कागदपत्रांत एक मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या मूळ स्वरूपातल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक घेता येतो. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. सहलीला जायचे असेल, तर नेहमीच्या नोंदणीचे १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी होणारे नूतनीकरण चालू असले पाहिजे. विमा आणि पीयूसी अर्थातच हवेत.

डिकीत काय असावे

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली, आणि तिच्याबरोबर नाक्यानाक्यावरचे तिचे मिस्त्री आणि सुटे भागही ओसरले. पूर्वी वाड्यात किंवा शहापुरात सहज मिळणारी वस्तू आज कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर किंवा ऑपेरा हाऊसच्या दुकानांत शोधावी लागते. त्यामुळे पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॉइल, दोन प्लग, फॅन बेल्ट, वरचा आणि खालचा होज, क्लिपा, पेट्रोल पंपाचा पडदा किंवा जोडलेला अख्खा पंप, ॲक्सिलरेटर आणि क्लचच्या केबल (गाडीला असतील तर), फ्यूज, थोडी वायर, ट्यूब, एक लिटर इंजिन ऑइल, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली आणि दहा लिटर साधे पाणी एवढे बरोबर घ्यावेच. पद्मिनीचे नट मिलिमीटरच्या पान्यांनी उघडतात, पण ॲम्बॅसेडरचे मूळ ब्रिटिश असल्याने तिचे बरेचसे नट इंची मापाचे आहेत. मित्राकडून आणलेला पान्यांचा संच ऐन वेळी न बसण्याचे हेच कारण असते. जॅकखाली ठेवायला जाड फळी, चाकांना लावायला दोन लाकडी ठोकळे आणि चालकाच्या हाताशी अग्निशामक नळकांडे असावे. पेट्रोलची गळती आणि डिस्ट्रिब्युटरची ठिणगी एकमेकींपासून फार दूर नसतात. टपावर कॅरिअर लावू नये. जड सामान मागच्या सीटच्या पायांपाशी ठेवावे.

चढणीवर आणि उतारावर

सपाट रस्त्यावर ताशी ५५ ते ६० किलोमीटर हा वेग पुरेसा आहे. विक्रमगडच्या पुढे चढ सुरू झाला, की गिअर वेळेआधी खाली आणावा. टॉप गिअरमध्ये इंजिन घुसमटत ओढू दिले, तर पंखा आणि वॉटर पंप हळू फिरतात आणि उष्णता साठत जाते. तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये मोकळेपणाने फिरणारे इंजिन स्वतःला थंड ठेवते. काटा तरीही वर सरकू लागला, तर सावलीची जागा बघून थांबावे, पण इंजिन लगेच बंद करू नये. बॉनेट उघडून ते किंचित जास्त वेगाने काही मिनिटे चालू ठेवावे, कारण बंद करताच पाण्याचा प्रवाह थांबतो आणि इंजिनाच्या वरच्या भागातले, म्हणजे हेडमधले तापमान आणखी चढते. मात्र पाणी आधीच उसळून बाहेर पडले असेल किंवा होज फुटला असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे. रेडिएटरचे झाकण अर्ध्या तासाच्या आत उघडू नये, आणि तापलेल्या इंजिनावर थंड पाणी कधीही ओतू नये. पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा असल्याने दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, हेड वाकते आणि गॅस्केट जाते. होज टोकाशी फाटला असेल, तर तेवढा तुकडा कापून उरलेला पुन्हा बसवावा आणि रेडिएटरचे झाकण पहिल्याच खाचेवर ठेवावे. दाब कमी राहिल्याने जोड तग धरतो, फक्त गाडी अधिक संथ न्यावी लागते.

गाडी थांबली, स्टार्टर फिरतो आहे, ठिणगीही येते आहे, पण कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल पोहोचत नाही, अशी स्थिती दुपारी आली तर पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ झाली आहे असे समजावे. ओले फडके पंपावर आणि नळीवर ठेवावे, ते सुकले की पुन्हा ओले करावे, आणि पंधरा-वीस मिनिटांनी गाडी सुरू करावी. मुंबईचे टॅक्सीवाले वर्षानुवर्षे हेच करत आले.

जव्हार हे मुकणे घराण्याच्या पूर्वीच्या संस्थानाचे गाव आहे. जयविलास राजवाडा आणि हनुमान पॉइंट पाहायला दुपार मोकळी ठेवावी. दाभोसा धबधब्याकडे जायचे असल्यास गाडीला विश्रांती देऊन स्थानिक वाहनाने जावे, असा माझा आग्रह आहे. टाकी जव्हारमध्येच पूर्ण भरून घ्यावी. मोखाड्याच्या पुढे मोबाइलचे जाळे सलग मिळत नाही, त्यामुळे नकाशा आधी उतरवून ठेवावा आणि कसाऱ्याला किती वाजेपर्यंत पोहोचणार हे घरी कळवावे. आणीबाणीत ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक कागदावरही लिहून ठेवावेत. वाटेत गाडी उभी केली, की पाड्यावरची मुले आणि म्हातारी माणसे जवळ येतात. त्यांना बॉनेटखालचे इंजिन दाखवायला दोन मिनिटे काढावीत. विहीर कुठे, पुढचा पूल कसा आहे, ही माहितीही त्यांच्याइतकी खात्रीची कोणाकडे मिळत नाही.

खोडाळ्याच्या पुढे वैतरणेच्या खोऱ्याकडची वळणे लागतात. ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरावे. गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणे हा जीवघेणा प्रकार आहे. ब्रेकवर पाय टेकवून राहू नये. वळणाआधी ठामपणे दाबून वेग कमी करावा आणि पाय पूर्ण उचलावा, म्हणजे ड्रमला मध्ये वारा मिळतो. जळका वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल गेले, तर थांबून ठोकळे लावावेत आणि ड्रम हाताला सोसवेल इतके गार होईपर्यंत निघू नये. तापलेल्या ड्रमवरही पाणी टाकू नये.

कसाऱ्यापासून महामार्ग लागतो. वेळ वाचेल म्हणून समृद्धी महामार्ग घेण्याचा विचार मनात येऊ शकतो, परंतु सलग वेगाने धावणाऱ्या वाहनांत ताशी ६० ने जाणारी गाडी स्वतःला आणि इतरांना धोक्यात घालते, आणि वेग वाढवला तर टायर आणि इंजिन दोन्ही तापतात. जुन्या महामार्गाची डावी मार्गिका धरावी. वडपे ते माजिवडा या पट्ट्यात संध्याकाळी कोंडी होते. दुपारी दोनपर्यंत तो पार करता येईल अशा बेताने खोडाळा सोडावे. कोंडीत सापडलोच, तर हीटर असलेल्या गाडीत तो पूर्ण उघडावा, कारण तो छोट्या रेडिएटरसारखे काम करतो.

घरी पोहोचल्यावर चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहावे. एखादे चाक इतरांपेक्षा जास्त गरम असेल, तर तिथले लायनर घासत आहे किंवा बेअरिंग जाण्याच्या बेतात आहे. दुसऱ्या दिवशी रेडिएटरमध्ये आणि इंजिनमध्ये किती पाणी, किती ऑइल घालावे लागले ते वहीत लिहावे, चाकांचे नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळावेत, पेट्रोल फिल्टरमध्ये जमलेला गाळ पाहून तो बदलावा आणि वापरलेला प्रत्येक सुटा भाग त्याच आठवड्यात पुन्हा डिकीत आणून ठेवावा.